ना नांदवतोस, ना सोडतोस

खाली बस आणि ऐक. मध्ये बोलायचं नाही. तुझी बाजू तू गावभर सांगून झाली आहे. पौडच्या स्टँडवर सांगितलीस, पिरंगुटला कंपनीत सांगितलीस, जमातीच्या माणसांना घरोघर जाऊन सांगितलीस. आता मी बोलते.

तुझी बायको दोन लेकरांना घेऊन आईबापाच्या घरी बसली आहे. तूच तिला आणून सोडलंस आणि निघताना सासऱ्याला ऐकवलंस, "मी तलाक दिलेला नाही. तीनदा काय, एकदाही दिला नाही. माझ्यावर केस होत नाही. राहू द्या तिला इथंच." हे बोलताना तुझा आवाजसुद्धा चढला नव्हता म्हणे. मला त्याचाच जास्त संताप आला. रागाच्या भरात माणूस वेडंवाकडं बोलतो आणि दुसऱ्या दिवशी शरमतो. तू थंड डोक्यानं हिशेब केलास. 2019 साली कायदा आला, एका दमात तीन तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आली, आणि त्यातून तू एवढंच शिकलास की तो शब्द तोंडातून काढायचा नाही. बाकी सगळं करायचं. घरखर्च बंद, फोन बंद, मुलांची फी बंद. नांदवायचं नाही आणि मोकळंही करायचं नाही.

माझ्या वर्गात असताना सेनापती बापटांवरच्या भाषणात तू दरवर्षी बक्षीस घ्यायचास. मुळशीच्या शेतकऱ्यांचा हक्क, सत्याग्रह, अन्याय, सगळं तोंडपाठ. तो हक्क घरातल्या बाईपर्यंत येऊन थांबला का? आणि 'बाई, हा आमच्या धर्माचा प्रश्न आहे' हे उत्तर माझ्यापुढे काढू नकोस. धर्म माझाही तोच आहे. कुराण मी अरबीत वाचते, अर्थासकट मराठीतही वाचते. तू दोन्हीपैकी काही वाचलं नाहीस, हे मला तुझ्या बोलण्यावरून कळतं.

शरीयतनं पुरुषाला हक्क दिलाय, असं तू म्हणतोस. मग तो हक्क वापरायची रीतही तिनंच सांगितली आहे, ती सांग बघू. नाही सांगता येत. मी सांगते.

नवराबायकोचं बिनसलं तर आधी दोन्ही घरांतला एकेक शहाणा माणूस बसवायचा, समेट होतो का पाहायचं. हे सूरह अन-निसामध्ये आहे. समेट झालाच नाही, तर बायको पाळीतून शुद्ध असताना, त्या काळात तिच्याजवळ गेलेलं नसताना, एकदा तलाक म्हणायचा. एकदाच. मग तीन मासिक पाळ्यांची इद्दत, म्हणजे थांबायचा काळ, आणि गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत. या काळात नवऱ्याला तलाक मागे घेता येतो. जवळ आले तर लग्न जसंच्या तसं राहतं. याला तलाक-ए-अहसन म्हणतात. तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीनदा म्हणायचा, तो तलाक-ए-हसन. दोन्हींत माणसाला महिनोन्‌महिने विचार करायला लावलेलं आहे. आणि आता कान उघडे ठेवून ऐक. सूरह अत-तलाक सांगते की इद्दतीच्या काळात बायकोला घराबाहेर काढू नका, आणि दोन नेक साक्षीदार ठेवा. तलाक दिल्यावरसुद्धा तिला तिच्या घरातून हलवायचं नाही! तू तर तलाक न देताच तिला कपड्यांच्या दोन पिशव्यांसह बापाच्या दारात उभं केलंस. आणि अन-निसामध्येच बजावलेलं आहे की बायकोला लोंबकळत ठेवू नका. एकाहून अधिक बायका असणाऱ्याला उद्देशून ते आहे. तुला तर एकच आहे आणि तीही लोंबकळत ठेवलीस.

म्हणजे ज्या शरीयतचं नाव घेऊन तू छाती काढून फिरतोस, तिच्यातलं एकही पाऊल तू टाकलेलं नाहीस.

आता कायदा. तुझ्या वकिलानं तुला अर्धंच सांगितलं, किंवा तू अर्धंच ऐकलंस. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं शायरा बानोच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. तिच्या नवऱ्यानं तो स्पीड पोस्टानं पाठवला होता. 2019 च्या कायद्यानं तोंडी, लेखी, मोबाईलवरचा, सगळ्या तऱ्हेचा झटपट तलाक निरर्थक आणि गुन्हा ठरवला. इथवर तुला माहीत आहे. त्याच्या आधीचं आपल्या महाराष्ट्रातलं तुला माहीत नाही. मे 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण खटल्याचा निकाल लागला, पूर्णपीठाचा. बायकोनं पोटगी मागितली की नवरा कोर्टात लिहून द्यायचा, 'हिला मी कधीच तलाक दिलाय', आणि प्रकरण मिटायचं, ही जुनी सवय होती. न्यायाधीशांनी सांगितलं, असं नुसतं लिहून चालणार नाही. कारण काय होतं, समेटाचा प्रयत्न झाला का, दोन्हीकडची माणसं बसली का, ते का फसलं, हे सगळं पुराव्यानं सिद्ध करा. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं शमीम आरा खटल्यात हेच म्हटलं. त्यामुळे उद्या तू डाव बदललास आणि 'मी तर मागेच तलाक दिला होता' म्हणू लागलास, तरी सुटका नाही.

आणि तलाक दिलाच नाही म्हणतोस ना? ठीक. म्हणजे ती तुझी बायको आहे. मग तिला पोसायची जबाबदारी तुझी आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144. ऐपत असून बायकोपोरांकडे पाठ फिरवणाऱ्या नवऱ्याकडून दरमहा पोटगी वसूल करणारं हे कलम आहे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांना सारखं. ती जिथं राहते तिथं अर्ज करू शकते, तुझ्या मागे फिरायची गरज नाही. अर्ज चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते, आणि त्या मागणीचा निकाल तुला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात, नोव्हेंबर 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की दोघांनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. तेव्हा कंपनीतला ओव्हरटाइम लपवायचा विचार मनात असेल तर आत्ताच काढून टाक. पैसे थकवलेस तर वॉरंट निघतं, आणि थकलेल्या दर महिन्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तीन तलाकची कैद चुकवलीस म्हणून खूश होतास ना?

पुढचं ऐक. 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. तुझ्या आजोबांच्या काळातला. नवऱ्यानं दोन वर्षं पोसलं नाही, तर एवढ्या एका कारणावर बायकोला कोर्टातून विवाहविच्छेद मिळतो. तीन वर्षं संसाराची कर्तव्यं पाळली नाहीत, चार वर्षं पत्ताच नाही, क्रूरपणे वागवलं, ही आणखी कारणं. तुझ्या सहीची गरज नाही, तुझ्या 'हो' ची गरज नाही. तुला वाटतं किल्ली तुझ्या खिशात आहे. पंच्याऐंशी वर्षांहून अधिक काळ ती तिच्याही हातात आहे, फक्त तिला कुणी सांगितलं नाही.

ते सांगायचं काम कुणाचं होतं? चाचा, तुम्ही मान खाली घालू नका, तुमच्याकडेच वळते आहे. जमातीत तुमचा शब्द चालतो. मशिदीची कमान बांधायला तुम्ही वर्गणी गोळा केलीत, चांगलं केलंत. पण या मुलीचा निकाहनामा मी परवा पाहिला. मेहरच्या रकान्यात 786 रुपये लिहिलेत आणि शेजारी 'उधार'. शुभ आकडा म्हणून लिहिलात ना? सातशे शहाऐंशी रुपयांत आज पौडच्या किराणा दुकानातून आठवड्याचा बाजारही येत नाही. मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. ते बायकोच्या हातात पडायला हवं, ढीगभर सोनं दिलं असलं तरी परत घेऊ नका असं कुराण सांगतं. आणि आपल्याकडे काय होतं? नवरा वारला की मय्यतीशेजारी बसलेल्या बाईला चार बायका म्हणतात, 'मेहर माफ कर, त्याच्या जिवाला सुकून मिळेल.' त्या अवस्थेत बाई नाही म्हणणार का? चाचा, हे तुमच्या डोळ्यांदेखत झालं आहे आणि तुम्ही गप्प राहिला आहात.

निकाहनाम्यात अटी घालता येतात, हे तुम्हाला माहीत होतं. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, मारहाण केली, पोसलं नाही, तर तलाकचा अधिकार बायकोकडे, अशी अट लिहिता येते. तफवीज म्हणतात तिला. जुनी, शरीयतमधली सोय. न्यायालयांनीही ती मानली आहे. किती निकाहांत लिहिलीत? एकाही नाही. आणि आता तुम्ही तिच्या बापाला सल्ला देता आहात की मुलीला खुला, म्हणजे बायकोनं मागून घेतलेली फारकत, घ्यायला लावा, मेहर सोडा, दागिने सोडा, जमात कागद देईल. छळ नवऱ्याचा आणि किंमत तिनं मोजायची? शिवाय त्या कागदाचं वजन किती, तेही बघा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दारुल कझा म्हणजे शरीयतचे निवाडे करणारी मंडळं, आणि फतवे यांना कायद्याचं बळ नाही. मद्रास उच्च न्यायालयानं 2023 मध्ये शरीयत कौन्सिलचं खुल्याचं प्रमाणपत्र अमान्य केलं आणि बाईला कुटुंब न्यायालयाकडे जायला सांगितलं. केरळ उच्च न्यायालयानं 2021 मध्ये कोर्टाबाहेरचा खुला मान्य केला, तरी मुळशीतल्या मुलीनं नुसत्या जमातीच्या चिठ्ठीवर विसंबून राहू नये. कोर्टाकडून ती विवाहबंधनातून मुक्त असल्याचं जाहीर करून घ्यावं. तुम्ही समेट करा, मध्यस्थी करा, त्यासाठी तुमचे पाय धरायची माझी तयारी आहे. निवाडा मात्र करू नका. आणि हलाल्याची, म्हणजे पहिल्या नवऱ्याकडे परतण्याआधी दुसऱ्याशी निकाह लावण्याची, भाषा तर या घरात पुन्हा नको. झटपट तीन तलाकनं लग्न मोडतच नाही असं कायदा सांगतो, तिथं हलाला कसला?

भाभी, तुम्ही. मुलाच्या आई. सून घरात येऊ द्यायची नाही, घर माझ्या नावावर आहे, असं तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात. घर तुमच्या नावावर असेल. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सांगतो, ती जिथं नांदली त्या घरात राहायचा तिला हक्क आहे. 15 ऑक्टोबर 2020 च्या सतीश आहुजा निकालानं स्पष्ट केलं की ते घर सासूसासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी हा हक्क मागता येतो. तुम्ही स्वतः या गावात नवी सून होऊन आलात तेव्हा काय काय सोसलंत, ते मला ठाऊक आहे. ते तुम्ही सुनेच्या अंगावर उतरवू नका.

आता मुलीच्या वडिलांना. भाईजान, तुमचं दुःख मी समजते, पण तुम्हालाही सोडणार नाही. निकाह झाला, दावत झाली, मंडपाचे पैसे दिलेत, पण लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत केली का? महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानं नोंद बंधनकारक आहे, सगळ्या धर्मांना. गावातल्या गावात होते. जावई लग्नच नाकारायला निघाला असता तर काय दाखवलं असतं, अल्बम? आणि एवढे महिने मुलगी घरी बसली आहे, तुम्ही पौड पोलीस ठाण्यात गेला नाहीत, वकिलाकडे गेला नाहीत. 'अब्रू जाईल' म्हणालात. अब्रू त्याची जायला हवी, तुमची का?

शाहबानो नाव ऐकलंय ना तुम्ही सगळ्यांनी? इंदूरची म्हातारी. चाळीसहून अधिक वर्षं संसार केला, नवरा नावाजलेला वकील. उतारवयात घराबाहेर काढली. खालच्या कोर्टानं पोटगी दिली महिन्याला 25 रुपये. उच्च न्यायालयानं ती 179 रुपये 20 पैसे केली. एवढ्याशा रकमेसाठी तो नवरा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 23 एप्रिल 1985 ला हरला. मग आपल्याच समाजानं मोर्चे काढले, राजीव गांधींच्या सरकारनं 1986 चा कायदा आणला, आणि सगळ्यांना वाटलं, आता फक्त इद्दतीपुरतं द्यायचं. तेही चूक निघालं. 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात न्यायालय म्हणालं, द्यायचं इद्दतीच्या मुदतीत, पण तजवीज करायची तिच्या पुढच्या आयुष्याची. 10 जुलै 2024 ला तर सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं की तलाक झालेल्या मुसलमान बाईला सर्वसाधारण पोटगीचा रस्ताही खुला आहे.

दिल्लीच्या गोष्टी लांबच्या वाटत असतील तर ताम्हिणी घाट उतरून पलीकडे कोकणात चला. चिपळूणच्या एका बाईचा नवरा आखातात कामाला. 2008 मध्ये त्यानं रजिस्टर पोस्टानं तलाक पाठवला. तिनं 1986 च्या त्याच कायद्याखाली अर्ज केला. चिपळूणच्या न्यायालयानं 4 लाख 32 हजार रुपये दिले, खेडच्या सत्र न्यायालयानं ते 9 लाख केले. मधल्या काळात तिनं दुसरं लग्न केलं, म्हणून नवरा उच्च न्यायालयात गेला, आता कशाला पैसे, म्हणून. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याला परत पाठवलं. तिचा हक्क तलाकच्या दिवशीच ठरला, पुढे तिनं लग्न केलं म्हणून तो बुडत नाही. लिहून ठेव हे.

हमीद दलवाईही त्याच भागातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 ला मुंबईत विधानभवनावर त्यांनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा नेला. सातच. तीन तलाक बंद करा, म्हणाले. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाई 1977 मध्ये गेले, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. मेहरुन्निसाभाभी, सय्यदभाई यांनी ते काम पुढे चालवलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ले. सय्यदभाईंनी तर स्वतःच्या बहिणीचा तलाक डोळ्यांनी पाहिला होता. त्या सात जणींना तेव्हा कुणाचाही आधार नव्हता. आज कायदा पाठीशी आहे, तरी आपली पोर घरात रडत बसली आहे. याची मला लाज वाटते.

आणि मागे भिंतीला टेकून हसणारे तुम्ही दोघं, याचे वर्गमित्र. तुमच्यात तलाक नसतो म्हणून तुम्ही मोठे सुधारलेले, असं वाटतंय का? तुमच्या वाडीत घटस्फोटाचा कागद नाही, पोटगी नाही, नवऱ्यानं शेजारच्या तालुक्यात दुसरीला आणली आहे, अशी बाई नाही? मला घर दाखवायला लावू नका. संगमनेरच्या निशा शिवूरकर परित्यक्तांसाठी ऐंशीच्या दशकापासून झटत आहेत. टाकलेल्या बाईला जातधर्म नसतो. तीन तलाकचा कायदा झाला तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते. या मुलीच्या पोरांना एक वही तरी नेऊन दिलीत?

बेटी, तू इकडे ये. तुलाही चार शब्द ऐकावे लागतील. दहावीला तुला गणितात नव्वदच्या वर गुण होते. नवऱ्याचा पगार किती, बँकेचं खातं कुठलं, घराची बिलं कोण भरतं, यातलं तुला काहीच माहीत नाही. 'त्यांनी सांगितलं नाही' हे उत्तर नाही. त्याच्या पगाराच्या पावतीचा फोटो असेल तर शोध. मुलांच्या फीच्या पावत्या, दवाखान्याची बिलं, निकाहनामा, आधारकार्ड, त्यानं पाठवलेले निरोप, सगळं एका फाईलमध्ये लाव. एकही मेसेज पुसू नकोस, कितीही वाईट असला तरी. तुला तो तुरुंगात जायला नको आहे, हे मला माहीत आहे. तुला घरखर्च हवाय, पोरांची शाळा हवीय, आणि एक सरळ उत्तर हवंय. ते मागणं म्हणजे भांडण नव्हे. वकिलाला पैसे नाहीत म्हणतेस, तर 1987 च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरच्या न्यायालयात आहे. फोन लावायचा तर 15100. पीएमपीएमएलची बस पौडहून मिळते. 'मला भीती वाटते' म्हणू नकोस. भीती वाटली तरी जायचं.

आता पुन्हा तुझ्याकडे वळते, नवरोबा, शेवटचं सांगते. तुझ्यापुढे दोनच रस्ते आहेत. तिला नांदवायचं असेल, तर दोन्ही घरांतली माणसं बसव, चुकलं ते कबूल कर, मुलांना जवळ घे आणि तिला मानानं घरी ने. नांदवायचं नसेल, तर तेही मानानं कर. रीत पाळ, साक्षीदार ठेव, मेहर दे, दागिने दे, तिच्या पुढच्या आयुष्याची आणि मुलांची तजवीज कर, आणि तिला मोकळी कर. काय ते शुक्रवारच्या नमाजनंतर मला येऊन सांग. तोपर्यंत दोन्ही मुलांची थकलेली फी शाळेत भर आणि पावती माझ्याकडे आणून दे. तू आला नाहीस, तर सोमवारी पहिल्या बसनं मी हिला घेऊन शिवाजीनगरला जाणार आहे. अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहून ठेवला आहे, फक्त तारीख टाकायची बाकी आहे.